माजघरांतील पाहुणा

गेल्या श्रावणांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही ओसरीवर सुपारी कातरीत बसलों होतों. धाकट्या बंधूंचा नातू आंतून लॅपटॉप घेऊन आला, आमच्या शेजारीं मांडी घालून बसला आणि बराच वेळ कांहींच बोलला नाहीं. मुलगा चोवीस वर्षांचा. एंजिनियरिंगची परीक्षा उत्तम रीतीनें उतरलेला, आणि शहराबाहेरील एका लहानशा कारखान्यांत उमेदवारीवर लागून त्यास चार महिने झालेले. त्याचा असा अबोला म्हणजे कांहींतरी बिनसलें आहे, हें आमच्या घरांतील लहान पोरांसही कळतें.

“आबा,” अखेरीस तो म्हणाला, “एक शब्द खोटा लिहिला तर त्याला खोटें बोलणें म्हणायचें का?”

छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविल्यावर असल्या प्रश्नाचें एक ठराविक उत्तर जिभेवर तयार असतें. परंतु तें आम्हीं गिळलें आणि शब्द कोणता तें विचारलें. शब्द तीन अक्षरांचा होता : जी.पी.एल.

पुढें चार रात्री हेंच प्रकरण चाललें. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक; संगणकाशीं आमचा संबंध वीजबिल भरण्यापुरता. तरी त्या पोरानें न कंटाळतां समजावून दिलें, आणि जें समजलें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटलें. कारण ज्या घरांत मुलें या धंद्यांत आहेत—आणि आपल्या समाजांत आज तशीं नाहींत अशीं घरें किती?—त्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां ओसरीवर येणारच.

प्रथम हें मॉड्यूल म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. संगणकांतील सर्व यंत्रणेचा कारभार ज्या मूळ प्रोग्रॅमकडे असतो त्यास कर्नल म्हणतात. मेमरी कोणास किती द्यावयाची, कळफलकावर कोणतें अक्षर दाबलें गेलें, कॅमेऱ्यांतून काय आलें, हें सर्व तो पाहतो. लिनक्स नांवाचा कर्नल हल्लीं जगांतील बहुतेक मोठ्या संगणकांत चालतो. किंबहुना ज्या वाचकांच्या खिशांत अँड्रॉइडचा मोबाइल असेल त्यांच्या खिशांतही तोच आहे. आमच्या समजुतीसाठीं पोरानें जुन्या वाड्याचा दाखला घेतला. कर्नल म्हणजे वाड्याचें माजघर. आपण जे नेहमींचे प्रोग्रॅम वापरतों, पत्रें लिहिण्याचे, गाणीं ऐकण्याचे, ते सर्व ओसरीवरचे लोक. त्यांना पाणी हवें तर ते खिडकीशीं येऊन मागतात. आंतून तांब्या मिळतो. माजघरांत त्यांचें पाऊल पडत नाहीं. या खिडकीस त्यांच्या शास्त्रांत सिस्टिम कॉल असें म्हणतात.

मॉड्यूलची गोष्ट वेगळी. जगांत कॅमेरे, छापयंत्रें, आवाजाचीं यंत्रें इतक्या तऱ्हांचीं आहेत कीं त्या सर्वांची माहिती कर्नलच्या पोटांत आधींच भरून ठेवावी तर तो अगडबंब होईल. म्हणून यंत्र चालू असतांनाच आंत घेतां यावा आणि काम सरल्यावर बाहेर काढतां यावा असा एक तुकडा स्वतंत्र करून ठेवतात. हा लोडेबल मॉड्यूल. पाहुणाच तो, परंतु ओसरीवरचा नव्हे. तो थेट माजघरांत येतो, घरच्याच भांड्यांना हात लावतो, घरच्याच चुलीवर शिजवितो. आणि त्याच्या हातून उकळतें तेल सांडलें तर सगळें घर भाजतें. कर्नल व मॉड्यूल यांची मेमरी एकच असते, मध्यें भिंत नाहीं.

आमच्या नातवाचा कारखाना पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांचीं झांकणें कॅमेऱ्यानें तपासणारें यंत्र बनवितो. यंत्रांत लिनक्स आहे, आणि कॅमेऱ्याच्या कार्डासाठीं मॉड्यूल लिहिण्याचें काम या पोराकडे. मॉड्यूल लिहून झाला. फक्त कर्नलमधील एक-दोन सोयी त्यास मिळेनात. त्या मिळण्यासाठीं मॉड्यूलनें आपण जी.पी.एल. या लायसन्सचे आहों असें सांगावें लागतें. कारखान्यास तर आपला मॉड्यूल गुप्त ठेवावयाचा होता. तेव्हां वरचे साहेब म्हणाले, “लिही जी.पी.एल. आणि मोकळा हो. एक ओळ आहे. कोण बघायला येतो?”

हें लायसन्स कोठून आलें त्याची हकीकत मनोरंजक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत एम.आय.टी. या संस्थेच्या एका प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीनें लेझर छापयंत्र दिलें होतें. त्यांत कागद वारंवार अडकत. तेथील रिचर्ड स्टॉलमन नामक गृहस्थानें पूर्वींच्या यंत्रास अशी जोड दिली होती कीं, कागद अडकतांच ज्यांचीं कामें खोळंबलीं त्यांस निरोप जावा. नव्या यंत्रास तीच जोड द्यावी म्हटलें, तर त्याच्या प्रोग्रॅमचें मूळ लिखाण हातीं नाहीं. दुसऱ्या एका विद्यापीठांतील ज्या माणसाजवळ तें होतें त्याच्याकडे स्टॉलमन गेला; परंतु त्या माणसानें तें कोणास न दाखविण्याचें वचन कंपनीस दिलें होतें. त्यानें नकार दिला. या नकाराचा डंख स्टॉलमनच्या मनांत कायमचा राहिला. १९८३ सालीं त्यानें ग्नू नांवाचा उद्योग आरंभिला आणि १९८९ सालीं जी.पी.एल.चा पहिला मसुदा काढला. दुसरा जून १९९१ चा.

मसुदा लांबलचक आहे, परंतु त्यांतील मर्म कोणाही गृहिणीस समजेल. हा प्रोग्रॅम वापरा, पाहा, बदला, दुसऱ्यास द्या, विका देखील. मात्र दुसऱ्यास देतांना मूळ लिखाणही द्या, आणि यापासून तुम्हीं जें नवें केलें असेल तेंही याच अटींवर द्या. शेजारणीकडून फुकट आणलेल्या विरजणाचें दहीं लावावें आणि पुढच्या शेजारणीनें विरजण मागितल्यास नाहीं म्हणावें, हें येथें चालत नाहीं. आपल्या घरांत आपण काय करतों याची मात्र हें लायसन्स चौकशी करीत नाहीं. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातीं गेला कीं मग बंधन लागतें.

हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें ऑगस्ट १९९१ मध्यें आपल्या कर्नलची वार्ता जाहीर केली. आरंभीं त्याची स्वतःची अट निराळीच होती, पैसे घेऊन वांटूं नये अशी. १९९२ सालीं त्यानें ती सोडून जी.पी.एल.चा दुसरा मसुदा पत्करला, आणि २००७ सालीं तिसरा मसुदा निघाला तरी लिनक्स दुसऱ्यावरच राहिला. या लायसन्साच्या माथ्यावर लिनसची एक टीप जोडलेली आहे : खिडकीशीं येऊन मागणाऱ्या सामान्य प्रोग्रॅमांस हें बंधन लागू नाहीं. म्हणजे ओसरीवरचे लोक मोकळे. माजघरांत येणाऱ्या पाहुण्याविषयीं ती टीप कांहीं बोलत नाहीं, आणि भांडणाचें मूळ तेथेंच आहे.

कायद्याचा प्रश्न एवढाच कीं, मॉड्यूल ही स्वतंत्र कृति कीं कर्नलपासून निघालेली तज्जन्य कृति? स्वतंत्र असेल तर तिच्या कर्त्यानें हवें तें लायसन्स लावावें. तज्जन्य असेल तर जी.पी.एल.वांचून गत्यंतर नाहीं. आमच्यासारख्या संस्कृतच्या मास्तरास हा भेद नवा नाहीं. मल्लिनाथाची रघुवंशावरील टीका घ्या. पदोपदीं ती कालिदासाच्या शब्दाला धरून चालते. रघुवंश काढून घेतलें तर टीकेस उभें राहण्यास जागा नाहीं. उलट अमरकोश घ्या. रघुवंश वाचतांना तो आपण शेजारीं ठेवतों, दर श्लोकास उघडतों, तरी तो रघुवंशापासून निघालेला नव्हे. इतर शेंकडों काव्यांस तो तितकाच उपयोगी आहे. मॉड्यूल मल्लिनाथ आहे कीं अमरकोश, हें प्रत्येक मॉड्यूलाबाबत निराळें ठरवावें लागतें. हिंदुस्थानच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाचा प्रोग्रॅम वाङ्मयकृतींतच गणलेला आहे. तेव्हां आमचा हा दाखला अगदींच ओढून आणलेला नाहीं, अशी आम्ही स्वतःची समजूत घालतों.

स्वतः लिनसनें डिसेंबर २००३ मध्यें याच धर्तीवर आपलें मत सांगितलें. बंद मॉड्यूलांना लायसन्सांत कसलीही सूट नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. तथापि अँड्र्यू फाइल सिस्टिम नांवाचा जो प्रोग्रॅम लिनक्सच्या जन्मापूर्वींच दुसऱ्या यंत्रांसाठीं लिहिलेला होता आणि मागाहून लिनक्सवर आणला गेला, त्यास लिनक्सची संतति म्हणणें कठीण, असेंही त्याचें म्हणणें होतें. तो अमरकोश. जो मॉड्यूल लिनक्ससाठींच, लिनक्सच्याच आंतल्या रचनेचा माग काढीत लिहिला गेला, त्यास हा आधार नाहीं. आमच्या नातवाचा मॉड्यूल या दुसऱ्या जातीचा. हें त्यानें स्वतःच, आम्हीं न विचारतां, कबूल केलें.

आतां त्या एका ओळीविषयीं. २००१ सालापासून कर्नल दारांतच पाहुण्याचें लायसन्स विचारूं लागला. मॉड्यूलमध्यें एक ओळ असते. तींत लायसन्सचें नांव लिहावयाचें. कर्नलमधील सोयीही त्याच सुमारास दोन प्रकारच्या झाल्या. कांहीं सर्व मॉड्यूलांस खुल्या, आणि कांहीं फक्त जी.पी.एल. सांगणाऱ्यांस. दुसऱ्या प्रकारच्या सोयी म्हणजे कर्नलच्या अगदीं आंतल्या गोष्टी. ज्यानें त्या वापरल्या तो मल्लिनाथच होय, असा लिहिणाऱ्यांचा अभिप्राय त्यांत सूचित आहे. ओळ न लिहिली किंवा दुसरें नांव लिहिलें तर मॉड्यूलास मज्जाव होत नाहीं. त्यास पहिल्या प्रकारच्या सोयी मिळतात. परंतु कर्नल आपल्या रोजनाम्यांत एक नोंद करतो, आणि त्या नोंदीस इंग्रजींत जें नांव आहे त्यास मराठींत ‘विटाळ’ याहून नेमका शब्द आम्हांस सुचत नाहीं.

हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींस फार गंमत वाटली. “म्हणजे यंत्रालाही सोवळें-ओवळें!” माणसास माणसाचा विटाळ मानण्याच्या रूढीनें आपल्या समाजांत अपरिमित अन्याय केला, तिच्याशीं या शब्दाची गल्लत कोणी करूं नये. हा विटाळ म्हणजे शिक्षा नव्हे, केवळ माहिती आहे. यंत्र बिघडलें आणि तक्रार लिनक्सच्या कारागिरांकडे गेली, तर ते प्रथम ही नोंद पाहतात. ज्याचें मूळ लिखाण कोणासही पाहतां येत नाहीं असा पाहुणा माजघरांत वावरून गेला असेल, तर तेल कोणी सांडलें हें ते कसें सांगणार? ते नम्रपणें म्हणतात, त्या पाहुण्याच्या धन्यास विचारा. आणखी एक मौज अशी कीं, मॉड्यूल बाहेर काढून टाकला तरी विटाळ जात नाहीं. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें लागतें. थोडक्यांत, स्नानावांचून सुटका नाहीं. सौभाग्यवतींनीं यावर जें हास्य केलें त्यानें आंतील मंडळी बाहेर आली.

ती ओळ म्हणजे कायद्याचा दस्तऐवज नव्हे, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. कर्नलच्या नियमपुस्तकांतच म्हटलें आहे कीं, मॉड्यूल खुला कीं बंद एवढें कर्नलास कळावें इतकाच तिचा उपयोग. मग ती खोटी लिहिल्यानें बिघडतें काय? साहेबांचें म्हणणें हेंच होतें. परंतु या ओळीशीं एकदां कोणी खेळ केला तेव्हां केवढा गहजब झाला, ती हकीकत नातवानें सांगितली, आणि आमच्या मतें या सर्व प्रकरणांत तिच्याइतकी बोधक दुसरी नाहीं.

२००४ च्या एप्रिलमधील गोष्ट. कॅनडांतील लिनक्सअँट नांवाची कंपनी मोडेमसाठीं मॉड्यूल विकीत असे. सी या भाषेंत शब्दसमूह कोठें संपला हें कळावें म्हणून शेवटीं एक अदृश्य शून्याक्षर ठेवण्याची वहिवाट आहे. जसा श्लोकाच्या शेवटीं दंड. कर्नल लायसन्सची ओळ वाचतो ती दंडापर्यंत. लिनक्सअँटनें आपल्या ओळींत आरंभीं जी.पी.एल. लिहिलें, लगेच दंड घातला, आणि दंडाच्या पुढें लिहिलें कीं, हें अमुक फडताळांतील लिखाणापुरतेंच, बाकीच्यास दुसरें लायसन्स लागू. माणसानें ओळ वाचली तर पूर्ण आणि खरी. कर्नलनें वाचली तर अर्धी, आणि अर्धी म्हणूनच खोटी!

आम्हीं सुपारीचें खांड तसेंच हातांत धरून विचारलें, “अरे, हें तर ‘नरो वा कुंजरो वा’!” द्रोणाचार्यांच्या कानीं पडला तेवढा भाग एक, आणि धर्मराजाच्या ओठांत राहिला तो दुसरा. छत्तीस वर्षांत ही कथा आम्हीं किती वर्गांना सांगितली असेल याचा हिशेब नाहीं. ती कॅनडांतील मोडेमच्या मॉड्यूलांत भेटेल असें स्वप्नांतही आलें नव्हतें. व्यासांनीं त्या क्षणीं धर्मराजाचा रथ, जो तोंवर भूमीस न शिवतां चालत असे, तो खालीं टेकला असें वर्णिलें आहे. लिनक्सअँटचाही टेकला. एका प्रोग्रॅमरानें हा प्रकार उघडकीस आणला, चहूंकडून टीकेचा भडिमार झाला, आणि कंपनीनें क्षमा मागून ओळ बदलण्याचें कबूल केलें. न्यायाच्या दृष्टीनें त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्या एका मोडेमसाठीं कित्येक मॉड्यूल आंत जात, प्रत्येक मॉड्यूल गेला कीं विटाळाची सूचना पडद्यावर येई, गिऱ्हाइकें घाबरून जात; तो त्रास टाळण्यासाठीं आपण हें केलें, असें त्यांनीं सांगितलें. चोरीचा हेतु त्यांत नसावा असें आम्हांसही वाटतें. पण धर्मराजाचाही हेतु तसा स्वतःपुरता नव्हताच.

मध्यस्थ घालून काम साधण्याची युक्तीही पुष्कळांनीं केली. एक लहानसा मॉड्यूल जी.पी.एल. म्हणून आंत शिरावयाचा, आंतल्या सोयी घ्यावयाच्या, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या बंद मॉड्यूलास त्या पोंचत्या करावयाच्या. २०२० सालीं कर्नलच्या ५.९ या आवृत्तींत यावर तोड काढण्यांत आली : बंद मॉड्यूलाच्या हातचें जो घेईल तोही बंद समजला जाईल, आणि आंतल्या सोयी त्यास मिळणार नाहींत.

आतां सोवळेपणाचा टेंभा मिरविण्यापूर्वीं एक कबुली दिली पाहिजे. ज्या लॅपटॉपावर नातू आम्हांस हें दाखवीत होता त्यांतच एनव्हिडिया कंपनीचा चित्रांसाठींचा बंद मॉड्यूल होता. आम्हीं त्यास तें दाखवून दिलें तेव्हां तो हसला. घरीं स्वतःच्या यंत्रांत कोणता पाहुणा घ्यावा याचें स्वातंत्र्य लायसन्सच देतें. देवाणघेवाण होत नाहीं तोंवर दोष नाहीं. याच आधारावर ही कंपनी वर्षानुवर्षें आपला मॉड्यूल गिऱ्हाइकाच्या हातीं स्वतंत्रपणें देत आली, आणि जोडणी गिऱ्हाइकानें आपल्या घरीं करावी असें म्हणत आली. तिच्याविषयीं लिनसनें २०१२ सालीं फिनलंडमधील एका सभेंत जो हस्तसंकेत केला तो या मासिकांत वर्णन करण्याजोगा नाहीं. पुढें मे २०२२ मध्यें त्याच कंपनीनें आपल्या मॉड्यूलांचें मूळ लिखाण खुलें केलें; मात्र तें नव्या कार्डांसाठीं, आणि नातवाचें कार्ड जुनें.

न्यायालयांनीं याचा निकाल एकदांचा लावून कां टाकला नाहीं, असें वाचक विचारतील. आम्हींही विचारलें. त्याचें उत्तर एकत्र कुटुंबांतील वाचकांस इतर कोणापेक्षां लवकर समजेल. लिनक्सची मालकी एकाची नाहीं. हजारों लोकांनीं तो लिहिला आणि प्रत्येकाचा हक्क त्याच्या त्याच्या ओळींवर तसाच राहिला. हें न वांटलेलें सामाईक घर आहे. त्यामुळें एकट्या लिनसनेंही बंद मॉड्यूलांना सूट देतों म्हटलें तरी ती देतां येणार नाहीं. आणि एकाद्या भाऊबंदानें परक्यावर फिर्याद केली तर न्यायालय त्यास विचारतें, बाबा, यांतल्या तुझ्या विटा कोणत्या?

हें खरोखरच घडलें. क्रिस्टोफ हेलविग हा लिनक्सचा जुना कारागीर. त्यानें मार्च २०१५ मध्यें जर्मनींत हांबुर्ग येथें व्हीएमवेअर कंपनीवर दावा लावल्याचें जाहीर झालें. येथें मांडणी उलटी होती : घर कंपनीचें, बंद, आणि त्यांत लिनक्समधील लिखाण असलेला मॉड्यूल पाहुणा. दोहोंची मिळून एकच कृति होते, तेव्हां घरही खुलें करा, अशी फिर्याद. जुलै २०१६ मध्यें दावा फेटाळला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्यें अपीलही. कारण असें कीं, वादग्रस्त लिखाणांत आपल्या हक्काचा भाग नेमका कोणता हें फिर्यादीस पुरेसें दाखवितां आलें नाहीं. मुख्य प्रश्नास न्यायाधीशांनीं हात लावलाच नाहीं. गंमत अशी कीं, अपिलाच्या निकालानंतर कंपनीनें तो मॉड्यूल पुढें काढून टाकण्याचें जाहीर केलें. वाडवडिलांच्या जमिनीवरून कज्जे लढलेल्या घराण्यांस या निकालाचें मुळींच आश्चर्य वाटणार नाहीं.

दुसरें एक प्रकरण तर दोन्ही बाजू खुल्या असतांनाचें आहे. सन कंपनीनें झेड-एफ-एस नांवाची फायली सांठविण्याची उत्तम पद्धति २००५ सालीं खुली केली, परंतु निराळ्या लायसन्सखालीं. तें लायसन्स आणि जी.पी.एल. दोन्ही आपापल्या जागीं चोख. फक्त एका पंक्तीस बसत नाहींत. २०१६ सालीं उबुंटूनें हा मॉड्यूल आपल्या वितरणांत तयार करून घातला, तेव्हां तज्ज्ञांचीच दोन मतें पडलीं. २०२० च्या जानेवारींत लिनस म्हणाला कीं, सन कंपनी जिनें विकत घेतली त्या ओरॅकलच्या वरिष्ठांचें सहीचें पत्र येईपर्यंत आपण तें कर्नलांत घेणार नाहीं.

असो. आमच्या ओसरीवर चौथ्या रात्रीं नातवाचे वडील, म्हणजे आमचे पुतणे, येऊन बसले. त्यांचें म्हणणें सरळ होतें. घराचे हप्ते चालू आहेत. धाकटीचें कॉलेज आहे. उमेदवारीचे दोन महिने राहिले आहेत. “काका, साहेबानें सांगितलेलें करावें. जबाबदारी त्याची.” हें बोलणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. नोकरी जाण्याची भीति आम्हीं स्वतः एके काळीं अनुभवली आहे, आणि तेव्हां आम्ही फारसे शूर नव्हतों.

नातवानें उत्तर न देतां लॅपटॉप वडिलांकडे वळविला. लायसन्सच्या ओळीच्या लगेच वरती दुसरी एक ओळ असते : मॉड्यूलच्या कर्त्याचें नांव. तेथें त्याचें पूर्ण नांव होतें, वडिलांच्या नांवासह. पुतणे तें दोनदां वाचून गप्प झाले.

त्यानंतर मुलानें काय करावें हें आम्हीं सांगितलें नाहीं. त्यास तें आधींच सुचलेलें होतें. कारखान्याचें खरें गुपित मॉड्यूलांत नाहींच. तें आहे झांकण वांकडें कीं सरळ हें ओळखण्याच्या गणितांत, आणि त्या गणितास माजघरांत काय काम? कर्नलांत २००७ पासून एक अशी सोय आहे कीं, यंत्राच्या कार्डाशीं बोलण्यापुरता लहानसा मॉड्यूल आंत ठेवावा आणि बाकी सर्व कारभार खिडकीबाहेर ओसरीवर करावा. लहान मॉड्यूल खराखुरा जी.पी.एल. करून टाकावा, मागेल त्या गिऱ्हाइकास त्याचें लिखाण द्यावें. गणित बाहेर, आपल्या कुलपांत. तीन आठवड्यांचें जास्त काम होतें. त्यानें साहेबांस तसें लेखी दिलें, आणि खालीं एक वाक्य जोडलें कीं, सध्यांच्या मॉड्यूलावर आपण जी.पी.एल. लिहिलें आणि उद्यां एकाद्या गिऱ्हाइकानें आपल्याच शब्दावर बोट ठेवून सगळें लिखाण मागितलें तर काय सांगावयाचें?

बारा दिवस साहेबांनीं उत्तर दिलें नाहीं. ते बारा दिवस घरांत कसे गेले हें येथें लिहीत नाहीं. तेराव्या दिवशीं त्यांनीं कंपनीच्या वकिलास विचारलें असें कळलें, आणि वकिलानें त्या शेवटच्या वाक्यावर मान डोलावली. खरेपणाविषयीं मुलानें जें लिहिलें होतें त्याचा उल्लेखही झाला नाहीं; आम्हांस याचें थोडें वाईट वाटलें, मुलास मुळींच नाहीं. तीन आठवडे मिळाले. वेळ लागला म्हणून उमेदवारी तीन महिन्यांनीं वाढविण्यांत आली, आणि पगारवाढ तेवढ्यापुरती राहिली.

परवां रविवारीं त्यानें आम्हांस शेवटचा धडा दिला. कर्नलांत विटाळाचा एक आंकडा असतो. प्रत्येक कारणास एक संख्या, आणि सर्वांची बेरीज. बंद लायसन्साचा एक. मॉड्यूल लिनक्सच्या स्वतःच्या भांडारांतला नसून बाहेरून आलेला असेल, मग तो खुला कां असेना, तर ४०९६. घरच्या लॅपटॉपावर त्यानें हुकूम टाइप केला, आणि ४०९७ उमटले. मग मोबाइलावर कारखान्यांतील नव्या यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून आणला होता तो दाखविला. चष्मा पुसून आम्हीं आंकडा वाचला : ४०९६.

“बाहेरचा तो बाहेरचाच, आबा,” तो म्हणाला. “पण एक तेवढा गेला.”